पंधरा मुलं, एक गच्ची आणि बाफल्यांची परात

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की आपल्याकडच्या घरांत एक प्रश्न हळूच पुढे येतो. सहामाही परीक्षेचा पेपर कसा गेला हे सांगता सांगता मध्येच, जणू सहज आठवलं म्हणून: "आई, एकतीसला सगळे आपल्याकडे आले तर चालेल?" विचारणारं पोर चौदा ते सतरा वर्षांचं. 'सगळे' म्हणजे पाच की पंचवीस, हे त्यालाही ठाऊक नसतं. "खायला काय करायचं?" म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "काहीपण."

माझं म्हणणं असं की अशा वेळी लगेच हो म्हणावं. सोफ्याची, कारपेटची आणि शेजारच्या काकांच्या झोपेची काळजी नंतर करता येते. नाही म्हटल्यावर मुलं घरी बसत नाहीत. देवासला तर गावातूनच आग्रा-मुंबई रस्ता गेला आहे आणि त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ढाबे आहेत. एकतीस डिसेंबरच्या रात्री, माळव्याच्या थंडीत, कधी धुक्यात, एका स्कूटरवर तिघं बसून ढाब्यावर जाणं हाच त्यांच्याकडचा दुसरा बेत असतो. धारच्या मुलांना इंदूर साठेक किलोमीटर, म्हणजे 'जवळच' वाटतं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं एक वेळ राहू द्या, रात्री बारा वाजता फोन वाजला की पोटात जो गोळा येतो, त्यापुढे पंधरा मुलांचा स्वयंपाक अगदीच किरकोळ आहे.

आता त्या स्वयंपाकाकडे येऊ. आपल्या बायकांची खोड अशी की मुलांची पार्टी म्हटली की पावभाजी, पनीर चिली, नूडल्स, कटलेट, केक, वर गुलाबजाम, असं सगळं एकाच संध्याकाळी करायला घ्यायचं. मग मुलं बाहेर हसत-खिदळत असतात आणि आई रात्री दहा वाजता घामाघूम होऊन चौथा घाणा तळत असते. त्यातलं निम्मं उरतं. या वयाच्या मुलांना पदार्थांची संख्या नको असते. त्यांना भरपूर, गरम, हातानं खाता येईल असं आणि स्वतः काहीतरी करता येईल असं खाणं हवं असतं. एक मुख्य पदार्थ, एक चटपटीत, एक गोड आणि एक गरम पेय, एवढ्यावर पार्टी उत्तम होते.

आणि हे ठरवायचं त्यांनी. आठवडाभर आधी वही-पेन देऊन बसवावं. किती जण येणार, कोण काय खात नाही, बाजार कोण करणार, भांडी कोण घासणार, हे सगळं त्यांच्या हातानं लिहून घ्यावं. 'कोण काय खात नाही' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. धार-देवाससारख्या गावात एका वर्गात मराठी, माळवी, जैन, बोहरा, सिंधी, पंजाबी अशी सगळी मुलं असतात. कोणी कांदा-लसूण खात नाही, कोणी कंदमूळ खात नाही, कोणाकडे केकमधलं अंडं चालत नाही. एखाद्याला शेंगदाणा सोसत नाही आणि ते त्यानं कुणाला सांगितलेलंही नसतं. जैन मैत्रीण असेल तर आणखी एक गोष्ट विचारावी: ती सूर्यास्तानंतर जेवते का? बऱ्याच घरी जेवत नाहीत. डिसेंबरअखेर आपल्याकडे पावणेसहा ते सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. आठ वाजता जेवण लावलं तर ती मुलगी "भूक नाही" म्हणेल आणि नुसतं पाणीही न घेता बसून राहील. म्हणून पार्टी साडेचारला सुरू करावी आणि खाण्याचा पहिला घाणा पाचला बाहेर काढावा. उशिरा येणाऱ्यांना दुसरा घाणा आहेच.

देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा पवारांच्या दोन गाद्या १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदल्या. आपल्याला एका टेबलावर दोन पातेली मांडायला काय हरकत आहे? कांदा-लसणाचं एक, बिनकांद्याचं एक. किंवा त्याहून सोपं म्हणजे मुख्य पदार्थ सगळाच बिनकांदा-लसणाचा करावा आणि लसणाची चटणी, चिरलेला कांदा बाजूला वाटीत ठेवावा. ज्याला हवं तो घेईल. प्रत्येक भांड्यासमोर एक चिठ्ठीही हवी: 'शेंगदाणे आहेत', 'लसूण नाही', 'तिखट, जपून'. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव होते. त्याआधीच्या पहिल्या भेटीत त्यांच्यापुढे मेजवानीचं ताट आलं, तेव्हा त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात ताटातल्या पदार्थांना आकडे घालून एकेकाचं वर्णन केलं होतं. ती पत्रं पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. पाहुण्याला समोर काय वाढलंय ते कळावं लागतं, मग पाहुणा इंग्लंडचा असो की मागच्या गल्लीतला.

मुख्य पदार्थासाठी माझं मत बाफल्यांना. पिझ्झा मागवणं सोपं, हे खरं. आमच्या देवासला नोटांचा छापखाना असला तरी त्यातल्या कोऱ्या नोटा काही आमच्या घरी येत नाहीत, हेही तितकंच खरं. पंधरा मुलांना पोटभर पिझ्झा मागवायचा तर महिन्याचा किराणा आठवतो. शिवाय तो येईपर्यंत वातड होतो. बाफल्यांचं जवळजवळ सगळं काम सकाळी उरकतं आणि शेवटचं, मजेचं काम मुलांच्या हाती राहतं.

पंधरा जणांसाठी दोन किलो जाडसर गव्हाचं पीठ, म्हणजे लाडवाला दळतो तसं, आणि अर्धा किलो मक्याचं पीठ घ्यावं. त्यात साडेतीनशे ग्रॅम तुपाचं मोहन, ओवा, जराशी कुटलेली बडीशेप, हळद, मीठ आणि दोन चिमटी सोडा घालून कोमट पाण्यानं घट्ट भिजवावं. पोळीच्या कणकेपेक्षा नक्कीच घट्ट. अर्धा तास झाकून ठेवून मग लिंबाएवढे गोळे करावेत. लग्नाच्या पंगतीत मिळतात तेवढे मोठे करू नयेत. लहान गोळे आतपर्यंत नीट शिजतात, आणि "मी सात खाल्ले" असं सांगायला मुलांना आवडतं. पन्नास ग्रॅमचा एक धरला तर ऐंशीच्या आसपास होतात, म्हणजे डोई पाच. मुलगे जास्त खातील, मुली कमी, असं आधीच धरून चालू नका. माझ्या अनुभवात हॉकी खेळून आलेल्या मुलीसमोर भले भले हरतात.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळून, त्यात चमचाभर हळद आणि मीठ घालून, गोळे थोडे थोडे सोडावेत. आधी तळाशी बसतात, मग वर तरंगतात. बारा ते पंधरा मिनिटांत शिजतात. बाहेर काढले की सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. इथं घाई करू नये. ओले बाफले भाजायला घातले तर वरून रंग येतो आणि आत चिकट राहतात. सकाळी अकरापर्यंत हे झालं की पंख्याखाली दुपारभर सुकतात आणि आपण मोकळ्या. माळवी बाटी आणि बाफला यांत फरक तो एवढाच: बाटी थेट निखाऱ्यावर जाते, बाफला आधी उकडतो. म्हणूनच तो मऊ होतो आणि तूप पितो.

भाजायला गॅसवरचा बाटीचा तंदूर असेल तर एका घाण्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ओव्हन असेल तर २०० अंशांवर अर्धा तास, मध्ये एकदा उलटून. पण गच्ची किंवा अंगण असेल तर गोवऱ्यांवरच भाजावेत, कारण मुलांची खरी पार्टी तिथेच होते. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्यायचा, निखारे राखेनं झाकले गेले की बाफले मांडायचे आणि चिमट्यानं फिरवत राहायचे. फोन हातात धरून बसणारी मुलंसुद्धा चिमट्यासाठी भांडतात. राख झटकायला जुनं स्वच्छ धोतर किंवा जाड पंचा ठेवावा, त्यात बाफले घोळले की चकचकीत होतात.

मात्र निखाऱ्याशी एक मोठं माणूस सतत हवं. जवळ पाण्याची बादली हवी. नायलॉनची जाकिटं आणि लोंबत्या ओढण्या लांब. सगळ्यात कडक नियम हा: उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून खोलीत न्यायची नाही. मुलं रात्री राहणार असतील तर हे स्पष्ट बजावून सांगा. बंद खोलीत निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख काळी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच खाली यावं.

वरण किलोभर तुरीच्या डाळीचं. माळवी पद्धतीत ते तिखट आणि सढळ फोडणीचं असतं. माझ्या माहेरी, धारला, त्यात आमसूल आणि गुळाचा खडा पडायचा आणि आमचे माळवी शेजारी त्याला हसत हसत 'मराठी दाल' म्हणायचे. पण वाटी पुढे करायचेच. हिंग, जिरं, मोहरी, कढीपत्ता, लाल मिरची, एवढी फोडणी पुरते. आलं कंदमुळात मोडतं, म्हणून जैन मुलांसाठी त्याऐवजी सुंठ टाकावी. वाढताना बाफला हातानं फोडायचा, वरून तूप, मग वरण. पाचशे ग्रॅम तूप लागेल, तिथं कंजूषी करू नये. सोबत हिरवी चटणी, कोबीची कोशिंबीर, लिंबाच्या फोडी. ठेचा ठेवलात तर त्याच्या पैजा लागतात. दही जवळ असू द्यावं.

धार, कुक्षी, बाग या बाजूला असाल तर बाफल्यांऐवजी पानिये करता येतील. मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजायच्या. भिल्ल-भिलाला घरांतलं हे खाणं आता हॉटेलांच्या पाट्यांवरही दिसतं. पान जळत असताना येणारा वास दुसऱ्या कशाला नाही.

चटपटीत म्हणजे थंडीत गराडू, दुसरं नाव घ्यायला नको. कोनफळाच्या घराण्यातलं हे कंद फक्त थंडीत बाजारात येतं. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून तेल लावून सोलावं, बोटभर तुकडे करून मिठाच्या पाण्यात अर्धकच्चे उकडावेत. हे सकाळचं काम. संध्याकाळी फक्त कुरकुरीत तळून त्यावर लिंबू आणि जीरावन. ते तळायला मात्र मुलांना देऊ नका. ज्या मैत्रिणी कंद खात नाहीत त्यांच्यासाठी ओला हरभरा आहे. इकडच्या बाजारात 'छोड' म्हणून जुड्या मिळतात, त्या डहाळ्यांसकट निखाऱ्यावर धरायच्या आणि काळी झालेली बोटं चाटत खायच्या. बटल्याचं सारण भरून सँडविचही झटपट होतं. (पुण्याच्या वाचकांसाठी: आम्ही मटाराला बटला म्हणतो, त्याला आता कोणी काही करू शकत नाही.) दातांना तारा लावलेली मुलं असतील तर चिक्की आणि कडक शेव समोर ठेवू नये. तार तुटली की नव्या वर्षाची सुरुवात दातांच्या डॉक्टरकडे होते.

पेयांचा विषय जरा गंभीर आहे. या वयात 'एनर्जी ड्रिंक'च्या बाटल्या आणणं मोठेपणाचं लक्षण झालंय. त्यांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, आणि ही मुलांसाठी नाहीत, असं डब्यावर छापणं आपल्याच देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत बंधनकारक आहे. भाषण देण्याऐवजी डबा मुलांच्या हातात देऊन तो बारीक मजकूर मोठ्यानं वाचायला लावावा. त्याऐवजी टोमॅटोचं सार करावं. दोन किलो टोमॅटो उकडून, गाळून, नारळाचं थोडं दूध, तूप-जिऱ्याची फोडणी, चवीला साखर. कुल्हडात ओतलं की मुलं त्याला 'सूप' म्हणतात, म्हणू द्यावं. मांडवगडाकडे कुणी जाणार असेल तर गोरखचिंच आणायला सांगा. तिथली ती फुगलेल्या खोडांची मूळची आफ्रिकेतली झाडं आपण सगळ्यांनी सहलीत पाहिली आहेत. फळातला पांढरा आंबट गर तासभर पाण्यात भिजवून, गूळ आणि काळं मीठ घालून गाळला की असं सरबत होतं, जे मुलांनी दुसऱ्या कुठल्या पार्टीत प्यायलेलं नसेल.

गोडाला श्रीखंड, पण ग्लासात. तळाशी बिस्किटांचा चुरा, वर श्रीखंड, त्यावर किसलेलं चॉकलेट. किलोभर चक्का आणि सहाशे ग्रॅम साखर यांत पंधरा छोटे ग्लास आरामात होतात. मुलं त्याला 'चीजकेक' म्हणून फोटो टाकतील. लक्षात ठेवायचं ते एवढंच की डिसेंबरात आपल्याकडे दही लागायला दहा-बारा तास लागतात. विरजलेलं भांडं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवावं आणि चक्का बांधायला आणखी एक रात्र धरावी. म्हणजे दूध एकोणतीसला आणायचं.

आता एक गोष्ट, जी स्वयंपाकाची नाही. प्रत्येक घोळक्यात एखादी मुलगी, हल्ली एखादा मुलगाही, ताट घेऊन नुसता फिरत असतो. खात नाही. कोणी तरी कधी तरी त्याच्या वजनावर, गालावर, पोटावर काही बोललेलं असतं, आणि ते बोलणारं बहुतेक वेळा घरचंच माणूस असतं. त्या संध्याकाळी "अगं, एवढंच?" आणि "बापरे, एवढं?" ही दोन्ही वाक्यं आत्या, मावशी, आजी सगळ्यांनी गिळून टाकावीत. पंगत मांडून आग्रहानं वाढण्यापेक्षा या वयाला हातानं उचलून घेण्याची सोय बरी, कोणी किती घेतलं ते दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या देशातल्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं. जिच्या ताटात आपण जास्त-कमी मोजतो, ती कदाचित त्यांतलीच असेल. तीळ-गुळाच्या मऊ वड्यांची थाळी येता-जाता हाताला लागेल अशी ठेवावी आणि आपण तिथून निघून जावं.

निघून जावं हे बाकी वेळेसाठीही खरं आहे. निखाऱ्यापाशी एक मोठं माणूस सोडलं तर बाकीच्यांनी खाली बसावं. दर दहा मिनिटांनी "काही हवं का रे?" करत गच्चीवर डोकावलं तर पुढच्या वर्षी ढाबाच ठरलेला. आमच्या घरी दहा वाजता गाणी बंद आणि साडेबाराला सगळे आपापल्या घरी, असं आधी ठरतं. घरी सोडायचं काम दोन बाबांनी दोन गाड्या काढून करायचं. मुलांच्या गाड्यांच्या किल्ल्या आल्या आल्या एका डब्यात. हे सगळ्या पालकांना फोन करून दुपारीच कळवावं, म्हणजे ऐनवेळी हुज्जत नको. भांडी कमी पडावीत म्हणून पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणावेत, आपल्या आठवडी बाजारात ते मिळतात. उरलेली पातेली घासण्याची पाळी वहीत लिहिलेलीच असते. त्या पानावर सह्या घेतल्या असतील तर उत्तम.

मुली रात्री मुक्कामाला असतील तर एक तारखेच्या सकाळी पोहे. ते इथं मराठ्यांनी आणले की आधीपासून होते, यावर आमच्याकडे दर दिवाळीला वाद होतो. पंधरा जणांना किलोभर पोहे, त्यावर शेव, जीरावन, डाळिंबाचे दाणे आणि हातात चहा.

बाफले उरणारच. ते रात्री झाकून ठेवावेत, सकाळी तुपावर परतून खरबरीत कुटावेत, त्यात वजनाच्या निम्मी पिठीसाखर, वेलची, थोडे बदामाचे काप आणि लागेल तसं गरम तूप घालून लाडू वळावेत. हळद-मीठ असल्यानं चव जरा निराळी येते, पण मुलं तक्रार करत नाहीत. वळायचे मात्र तूप कोमट असतानाच, निवलं की फुटतात.